गेमची पायरसी आणि कॉपी प्रोटेक्शन

संगणकावरील गेमची प्रत हक्कदाराच्या परवानगीशिवाय काढणे, वाटणे किंवा विकणे म्हणजे पायरसी. अशी प्रत निघू नये, निघालीच तर चालू नये, यासाठी गेममध्ये घातलेली व्यवस्था म्हणजे कॉपी प्रोटेक्शन. मराठीत पहिल्याला ‘चौर्यप्रत’ आणि दुसऱ्याला ‘प्रतसंरक्षण’ म्हणता येईल, पण पुण्यात गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द नाहीत. इथे गेम ‘टाकून घेतात’, सीडी ‘राइट करून देतात’ आणि कुलूप तोडायचे असले की ‘क्रॅक मारतात’. दुकानातून विकत आणलेल्या डबीला ‘ओरिजिनल’ हे खास नाव होते. उरलेल्यांना वेगळे नाव लागत नसे, त्यांना नुसते ‘गेम’ म्हणत.

कुलपाचे तत्त्व

कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढायची. डिजिटल फाइलचे तसे नाही. शंभरावी नक्कलही पहिल्याइतकीच कोरी असते. म्हणून नक्कल अडवायची तर फाइलच्या जोडीला असे काहीतरी द्यावे लागते, जे घरच्या यंत्राला उतरवता येणार नाही. आजवरची बहुतेक कुलपे याच युक्तीवर उभी आहेत. बदलत गेले ते हे जोडीचे ‘काहीतरी’.

फ्लॉपीच्या काळात ते अनेकदा कागदाचे असे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या गेममध्ये पहिली पातळी संपली की अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची खोली लागे. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते ते पाहायचे आणि त्या अक्षराची बाटली प्यायची, तरच पुढची वाट मोकळी. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) सोबत एकावर एक फिरणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या येत. त्यांवरचे समुद्री चाच्यांचे अर्धे-अर्धे चेहरे जुळवले की खिडकीत एक वर्ष दिसे आणि ते टाइप करावे लागे. ‘सिमसिटी’च्या (१९८९) डबीत अशा प्रश्नांची उत्तरे गडद लाल कागदावर काळसर छापलेली होती, म्हणजे झेरॉक्स काढली तर पान सगळे काळे. निम्मे शिक्षण झेरॉक्सवर चालणाऱ्या पुण्यासारख्या गावासाठीच ही शक्कल काढली असावी असे वाटते. पण इथवर पोहोचणाऱ्या प्रतींतून असे प्रश्न बहुधा आधीच उपटलेले असत. कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ फिरली की ‘प्रिन्स’ खेळणाऱ्या अनेकांनी ती पुस्तिका कधी पाहिलीच नाही.

फ्लॉपीच्याच काळातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला. तो पीसीवरचा पहिला विषाणू मानला जातो. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी तो लिहिल्याचे त्यांनी सांगितले होते. म्हणजे तेही एका अर्थाने कॉपी प्रोटेक्शनच. पुढे हातोहात फिरणाऱ्या फ्लॉप्यांतून विषाणू घरोघर गेले, आणि विषाणूंचा बंदोबस्त करणारी क्विक हील ही कंपनी १९९०च्या दशकात पुण्यातच उभी राहिली. क्रॅक मारण्याआधी अँटिव्हायरस बंद करण्याचा रिवाज मात्र याच शहरात तितक्याच निष्ठेने पाळला गेला.

मेंढ्या आणि कमकुवत सेक्टर

सीडीच्या काळात कुलूप तबकडीतच गेले, आणि तांत्रिक चातुर्य सर्वांत जास्त दिसते ते इथेच. १९९८ पासून वापरात आलेल्या सेफडिस्क या कुलपाचे उदाहरण घ्या. सीडीवर माहिती लिहिताना बिटांचे रूपांतर खळगे आणि सपाट भाग यांच्या ठरावीक रचनेत होते. काही विशिष्ट बिटमाला अशा असतात की त्यांचे रूपांतर करताना या दोहोंचा समतोल ढळत जातो आणि वाचणारे यंत्र गोंधळते. कारखान्यातली महागडी यंत्रे हा तोल सांभाळून सीडी छापत, घरच्या रायटरला, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या यंत्राला, ते जमत नसे. सेफडिस्कने असे ‘कमकुवत सेक्टर’, म्हणजे सीडीवरचे माहितीचे तुकडे, मुद्दाम पेरले. गेमची मुख्य फाइल गुप्त स्वरूपात ठेवलेली असे. सीडी अस्सल आहे याची खात्री पटली की चालक फाइल ती उलगडून मेमरीत चढवी.

त्यावर उतारा म्हणून क्लोनसीडीसारखी सॉफ्टवेअर आली. त्या सॉफ्टवेअरचे चिन्ह मेंढी होते, म्हणून सेफडिस्कची नवी आवृत्ती पेलणाऱ्या रायटरला जगभर ‘दोन मेंढ्यांचा रायटर’ म्हणू लागले. डीमन टूल्स आणि अल्कोहोल १२०% यांनी त्याहून सोपी वाट काढली : संगणकात खोटा सीडी ड्राइव्ह उभा करायचा आणि तबकडीचे सगळे दोष त्याच्याकडून वठवून घ्यायचे. सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे ‘नो-सीडी क्रॅक’. तपासणी काढून टाकलेली मुख्य फाइल जुन्या फाइलवर पेस्ट केली की काम झाले. पुण्यात इंग्रजी वाचायचा कंटाळा करणारी मुलेही ‘क्रॅक नावाचा फोल्डर उघड, त्यातली फाइल कॉपी कर, जिथे गेम टाकलाय तिथे पेस्ट कर, रिप्लेस विचारेल त्याला येस’ हा मंत्र एका दमात म्हणत.

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची युक्ती निराळी होती. अस्सल तबकडीचा मार्ग अगदी किंचित नागमोडी छापलेला असे आणि त्या नागमोडीत देशगटाचा संकेत दडवलेला असे. साध्या रायटरला ती नागमोड कोरता येत नाही. मग यंत्रात चिप बसवून तोच संकेत परस्पर पुरवला गेला. त्याच्याही आधी मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल होता. त्या जपानी यंत्रात कुलपाची चिपच नव्हती, त्यामुळे ‘९९९९ इन १’ लिहिलेली काडतुसे, म्हणजे गेमची कार्ट्रिजे, बिनधास्त चालत. त्यांत वेगळे गेम मोजकेच असत, बाकी तेच पुन्हा पुन्हा.

इंटरनेटची साखळी

व्हॉल्व्ह या गेम कंपनीने इंटरनेटवरून गेम पुरवणारी स्टीम ही सेवा २००३ मध्ये सुरू केली आणि २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ साठी ती सक्तीची केली. कुलूप आता कंपनीच्या सर्व्हरवर गेले. २००८ मध्ये ‘स्पोअर’ हा गेम सुरुवातीला तीनच वेळा सक्रिय करता येत असे. खरेदीदारांनी गदारोळ केल्यावर ती मर्यादा पाच झाली. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ खेळताना पूर्ण वेळ इंटरनेट चालू असणे बंधनकारक केले. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले खेळाडू बाहेर राहिले. दर पावसात फोनची लाइन जाणाऱ्या घरांत या अटीला काय अर्थ होता, ते वेगळे सांगायला नको. २०१४ मध्ये ‘फिफा १५’ सोबत आलेल्या डेनुवो या कुलपाने मात्र बराच दम धरला. त्यामुळे काही गेमचे क्रॅक महिनोन्‌महिने निघाले नाहीत, आणि विक्रीचे पहिले काही आठवडे वाचवणे एवढेच अशा कुलपाकडून अपेक्षित असते.

काही निर्मात्यांनी अडवण्याऐवजी चेष्टा केली. ग्रीनहार्ट गेम्सने २०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ची एक प्रत स्वतःच टोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या संगणकांवरून फाइली उतरवतात तिथे, सोडली. त्या प्रतीत खेळणाऱ्याची गेम कंपनी पायरसीमुळे हमखास बुडते. फुकटात खेळणारे काही जण त्यावर उपाय विचारायला आले.

पुण्यातली वाट

पुण्यात पायरसी म्हणजे मुख्यतः पुरवठ्याची व्यवस्था होती. २००० च्या आसपास घरचा संगणक बहुधा असेंबल केलेला असे. सुटे भाग, कोऱ्या सीडी, रायटर हा माल बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या आसपास मिळे. संगणक जोडून देणारा ओळखीचा माणूस विंडोज टाकताना ‘दोन-चार गेम टाकून देतो’ म्हणे आणि तो सौद्याचाच भाग समजला जाई. ‘रोड रॅश’, ‘आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’ हे गेम अनेकांकडे असेच आले. ‘व्हाइस सिटी’ची अस्सल आवृत्ती दोन सीडींची होती. ७०० एमबीच्या एका सीडीत मावावी म्हणून रिप करणारे, म्हणजे गेम छाटून लहान करणारे, तिच्यातली रेडिओवरची गाणी काढून टाकत. गाडीत बसल्यावर रेडिओ वाजतो हे कित्येकांना फार उशिरा कळले.

शिकायला आलेल्या मुलांनी हे जाळे घट्ट केले. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये एकाची हार्ड डिस्क आठवडाभर फिरत असे. नेट कॅफेंत ‘काउंटर-स्ट्राइक’ लॅनवर चाले.

२००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. त्याच्या ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजले जात नसे. २५६ केबीपीएस वेगाने ४.७ जीबीची डीव्हीडी उतरवायला सुमारे ४१ तास, म्हणजे रोजचे सहा तास धरले तर सात रात्री. २००७ मध्ये वेग २ एमबीपीएसपर्यंत गेला आणि तीच डीव्हीडी एका रात्रीत बसू लागली. दोन वाजता टोरंट आपोआप सुरू होईल अशी सोय करून पोरे झोपत; सकाळी आठच्या आत मोडेम बंद करायचे काम बहुतेक आईकडे.

सगळा दोष पैसे वाचवण्याच्या वृत्तीला देता येत नाही. ‘क्रिकेट ०७’ हा ईए या गेम कंपनीच्या क्रिकेट मालिकेतला शेवटचा गेम ठरला. आयपीएल आली २००८ मध्ये. आयपीएलचे संघ हवे असतील तर हौशी लोकांनी बनवलेले पॅच त्याच जुन्या गेमवर चढवणे हाच मार्ग होता. विकत घ्यायचा म्हटले तरी ईएचा नवा क्रिकेट गेम दुकानात नव्हताच.

कायदा

भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामचा समावेश झाला. कलम ६३ब नुसार चोरटी प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणे हाही गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते. कुलूप तोडण्याबद्दलचे कलम ६५अ २०१२ मध्ये आले; त्यात २ वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा कलम ५२ देते.

ओहोटी

सीडी राइट करून घेण्याचा प्रकार पुण्यात कुलपांमुळे थांबला नाही, तो हळूहळू निरर्थक झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर किमती रुपयांत आल्या. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ‘पबजी’सारखे मुळातच फुकट गेम घरोघर गेले. गेम सर्व्हरवर चालतो म्हटल्यावर नक्कल कशाची करणार? टोरंट आणि रिपॅक, म्हणजे दाबून लहान केलेल्या प्रती, अजून आहेत. महागडे गेम आजही तिथून उतरतात.

दरम्यान गेम बनवणारेही पुण्यात आले. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे. ‘राजी’ (२०२०) हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचे काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते, २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलवले गेले.

सेफडिस्कचा शेवट विचित्र झाला. ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, अवलंबून होते आणि त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचे भगदाड सापडले होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तो चालू दिला नाही आणि सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही बंद केला. कपाटात जपून ठेवलेली ओरिजिनल सीडी तेव्हापासून घातली तरी गेम उघडत नाही. शेजाऱ्याकडची क्रॅक मारलेली प्रत उघडते.