शेवटी सगळं एकाच गाडीत जातं?

"ओला-सुका कचरा वेगळा करून उपयोग काय, शेवटी सगळं एकाच गाडीत जातं!" पुण्यात हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. खरं तर बरीचशी निवड गाडी येण्याआधीच झालेली असते.

शहराच्या मोठ्या भागात दारावर येणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या असतात. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, 2008 पासून महापालिकेच्या जोडीने काम करणारी. दरमहाच्या शुल्काखेरीज त्यांची कमाई होते ती सुक्या कचऱ्यातून. पुठ्ठा, बाटल्या, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या निवडून त्या भंगारवाल्याला विकतात. त्याच पुठ्ठ्यावर कालची आमटी सांडली, की त्याला कोणी हात लावत नाही. तुमच्या डब्यातली सरमिसळ म्हणजे त्यांचा बुडालेला रोज.

काही ठिकाणी गाडीत खरंच एकत्र ओततात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तक्रार त्याची करा. पण घरातच मिसळलेलं पुढे कुठलंही यंत्र नीट वेगळं करू शकत नाही. खतात काचा येतात त्या अशाच.

आणि हो, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढा. म्हणजे पुडी उघडून बघावी लागत नाही.