रक्तातली ‘चिप’ म्हणजे काय, आणि ती टेस्ट आम्ही स्वतःहून का सुचवत नाही

नमस्कार मंडळी. गेले काही महिने कलेक्शनच्या खिडकीवर एक प्रश्न सारखा येतोय, ‘ती रक्तातली चिप बघायची टेस्ट तुमच्याकडे होते का हो?’ कुणाच्या मुलाने अमेरिकेतून लिंक पाठवलेली असते, कुणी व्हॉट्सअॅपवर वाचलेलं असतं, एका आजोबांना तर वाटलं की लसीतून सोडली ती हीच चिप. गर्दीच्या वेळी दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून हे लिहून ठेवलंय, घरी घेऊन जा, निवांत वाचा.

पहिलं म्हणजे ही मोबाईलमधली चिप नव्हे. ‘क्लोनल हिमॅटोपोएसिस ऑफ इंडिटरमिनेट पोटेन्शियल’ या लांबलचक इंग्रजी नावातली पहिली अक्षरं (CHIP) घेऊन डॉक्टर लोकांनी 2015 साली हे नाव पाडलं. भानगड काय आहे ते सांगतो.

हाडांच्या आत जी मज्जा असते, म्हणजे बोन मॅरो, तिथे रक्ताच्या मूळ पेशी असतात, स्टेम सेल. साधारण 50 हजार ते 2 लाख मूळ पेशी रक्त बनवायच्या कामाला असतात असा अंदाज आहे. त्या आयुष्यभर विभागतात आणि दर वेळी डीएनएची कॉपी निघते, आता झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की कुठेतरी अक्षर चुकणारच, तसं इथेही होतं आणि बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एखादी चूक नेमकी अशा जीनमध्ये पडते की त्या मूळ पेशीला बाकीच्यांपेक्षा जास्त टिकता येतं, जास्त पिल्लावळ काढता येते. हजार उंबऱ्यांचं गाव डोळ्यासमोर आणा, सगळ्या आडनावांची माणसं आहेत, त्यात एका घरात पोरं जास्त झाली, सगळी जगली, वाटण्या होत गेल्या आणि 50 वर्षांनी बघितलं तर 40 घरं एकाच भावकीची. गाव चालूच आहे, कुणाचं काही अडलेलं नाही, फक्त एक भावकी वाढलीय. चिप म्हणजे रक्तातली ही भावकी.

40 चा आकडा उगाच नाही घेतला. रिपोर्टमध्ये 2 टक्के किंवा त्याहून जास्त आलं की चिप आहे असं धरतात. पण हा टक्का पेशींचा नसून जीनच्या प्रतींचा असतो, प्रत्येक पेशीत दोन प्रती आणि बहुतेक वेळा त्यातली एकच बिघडलेली, त्यामुळे 2 टक्के म्हणजे साधारण 4 टक्के पेशी त्या भावकीच्या, हजारात 40. रिपोर्ट वाचताना इथे भल्याभल्यांचा घोळ होतो.

जीन्सची नावं रिपोर्टवर असतात म्हणून सांगून ठेवतो. डीएनएमटी3ए सगळ्यात जास्त सापडतो, मग टेट2, मग एएसएक्सएल1. जेएके2 ची गोष्ट जरा वेगळी, त्याकडे पुढे येतो.

हे किती जणांत असतं? 2014 साली बोस्टनमधल्या सिद्धार्थ जैस्वाल आणि बेंजामिन एबर्ट यांच्या टीमने 17,182 लोकांच्या रक्तातले जीन्स वाचले. चाळिशीच्या आत असे बदल क्वचितच सापडले, 70 ते 79 वयात 9.5 टक्के लोकांत आणि नव्वदीच्या पुढे 18.4 टक्क्यांत. म्हणजे केस पांढरे होतात तसंच थोडं. शोधत होते रक्ताच्या कॅन्सरची आधीची पायरी, तीही सापडली, पण खरा धक्का दुसराच होता. या लोकांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं आणि ते नुसत्या कॅन्सरने समजवता येईना, हार्टचा त्रास जवळपास दुप्पट दिसत होता. 2017 साली त्याच मंडळींनी खास हार्टसाठी पुन्हा तपासलं तेव्हाही आकडा 1.9 पट आला. आणि ज्यांना कमी वयात अटॅक आला होता अशा इटली आणि पाकिस्तानमधल्या पेशंटमध्ये संबंध 4 पटीचा निघाला. पाकिस्तानचं मुद्दाम लिहिलं, कारण आपल्या उपखंडातल्या लोकांचं रक्त अशा अभ्यासात फार कमी वेळा असतं.

आता रक्तातल्या भावकीचा हार्टशी काय संबंध? आम्हालाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्रच वाटलं होतं. पांढऱ्या पेशींतल्या काही पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून मॅक्रोफेज होतात, तिथे साचलेलं कोलेस्टेरॉल खाऊन साफसफाई करणं हे त्यांचं काम. टेट2 बिघडलेल्या भावकीतले मॅक्रोफेज मात्र तापट डोक्याचे असतात, कचरा उचलायला येतात आणि भांडण लावून जातात, म्हणजे इंटरल्युकिन 1 बीटा आणि इंटरल्युकिन 6 अशी सूज वाढवणारी रसायनं जास्त सोडतात. सूज म्हणजे पाय सुजतात तशी नाही, भिंतीच्या आतली धग. त्या धगीने तिथला चरबीचा थर वाढतो. उंदरांना टेट2 बिघडलेल्या पेशी देऊन बघितलं तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर खरंच जास्त साचला, त्यामुळे ‘दोन्ही म्हातारपणाचेच आजार, एकत्र दिसणारच’ एवढं बोलून हे झटकता येत नाही.

ज्यांचं हार्ट आधीच कमजोर आहे त्यांच्यात काय होतं तेही जर्मनीत फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी 2019 साली बघितलं. अटॅकनंतर पंपिंग कमी झालेल्या 200 पेशंटपैकी 18.5 टक्क्यांत असे बदल होते आणि त्यांचं पुढे बाकीच्यांपेक्षा वाईट झालं, मृत्यू जास्त, हार्ट फेल होऊन पुन्हा अॅडमिट होणं जास्त.

पुरुषांसाठी एक जादा गोष्ट, वयाबरोबर रक्तातल्या काही पेशींमधून वाय क्रोमोसोम चक्क गळून जातो, सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त. उंदरांवरच्या 2022 च्या कामात याने हार्टचा स्नायू निबर होत गेला. हा चिपचा चुलतभाऊ समजा, याची टेस्ट कुणी मागू नका.

इथवर वाचून घाबरला असाल तर आता दुसरी बाजू, जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. 2022 साली 6 लाख 28 हजारांवर लोकांची माहिती तपासली गेली आणि त्यात हार्टचा धोका आधी वाटला होता तेवढा दिसलाच नाही, अगदी थोडासा दिसला. मग खरं काय? आमचं वाचून झालेलं मत असं की सगळ्या चिप सारख्या नाहीत, कुठला जीन आणि भावकी केवढी यावर बरंच अवलंबून आहे, रिपोर्टवर 10 टक्क्यांच्या वर आलेली भावकी आणि 2 टक्क्यांची भावकी यांना एकाच तराजूत तोलू नये.

मुद्द्याचं म्हणजे औषध. फक्त चिप आहे म्हणून द्यायची मान्यताप्राप्त गोळी आज नाही. इंटरल्युकिन 1 बीटा दाबणारं कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन 10,061 हार्ट पेशंटवर वापरून बघितलं होतं, त्यात टेट2 वाल्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त फायदा झाल्यासारखं दिसलं, पण ते लोक अगदी मोजके आणि इंजेक्शनने जीवघेणे इन्फेक्शन वाढले, म्हणून हार्टसाठी ते मंजूर झालं नाही.

म्हणूनच आम्ही ही टेस्ट स्वतःहून सुचवत नाही, फुल बॉडी पॅकेजमध्येही घालत नाही. सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या साध्या ट्यूबमध्येच जातं, पण पुढचं काम आमच्याकडे होत नाही, मोठ्या रेफरन्स लॅबला पाठवावं लागतं आणि खर्च बराच येतो. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जरूर पाठवू. चिठ्ठी नसेल तर आधी घरातल्या सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल, शुगर, एचबीए1सी करून घ्या, त्याच पैशात होऊन वर उरतील. धंद्याच्या दृष्टीने हे लिहिणं बरोबर नाही असं आमचा अकाउंटंट म्हणतो, असो.

साध्या सीबीसीत चिप दिसत नाही. सीबीसी नॉर्मल असूनही चिप असू शकते आणि सीबीसी बिघडली म्हणजे चिप असंही नाही, हिमोग्लोबिन कमी असेल तर आपल्याकडे आधी लोह आणि बी12 बघायचं असतं. मात्र हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट विनाकारण सारखे जास्त येत असतील तर रक्तविकार तज्ज्ञांना दाखवा, ते जेएके2 ची टेस्ट सांगतील, ती वेगळी टेस्ट आहे आणि त्यात निघणाऱ्या आजाराला उपचार आहेत. जेएके2 मध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, त्याकडे दुर्लक्ष नको.

आणखी एक, हे बदल आईवडिलांकडून येत नाहीत आणि मुलांकडे जात नाहीत. वडिलांना निघालं म्हणून दोन्ही मुलांची टेस्ट करा असं कुणी सांगत असेल तर आम्हाला फोन करा आधी. जन्मजात जीन्स बघणाऱ्या थुंकीच्या किटमध्येही याचं उत्तर मिळत नाही.

कॅन्सरच्या तपासण्यांत वगैरे चुकून चिप सापडलीच असेल तर? रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का, म्हणजे बहुतेकांना तो कधीच होत नाही. तज्ज्ञ सांगतील तेवढ्या अंतराने सीबीसी करत राहा. आणि हार्टच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा, कारण बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), शुगर याबाबत ते कदाचित जास्त कडक होतील. सिगरेट-बिडी तर बंदच, एएसएक्सएल1 चा आणि धूम्रपानाचा संबंध दिसलाय.

दाखवायला जाताना रिपोर्टची सगळी पानं न्या, फक्त पहिलं नको. जीनचं नाव आणि टक्केवारी बऱ्याचदा मागच्या पानावर असते, आणि मोबाईलवर काढलेल्या फोटोत नेमकी तीच ओळ कापली जाते.