डिस्क तीच, मशीन वेगळं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या कॉम्प्युटरच्या कुठल्याही गाळ्यापाशी थोडा वेळ थांबलात, तर हा प्रश्न हमखास कानावर पडतो: "भाऊ, मदरबोर्ड गेलाय. हार्डडिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली तर विंडोज चालेल ना?" भाऊ मान न वर करता सांगतो, "डेटा मिळेल. विंडोजसाठी फॉरमॅट मारावा लागेल."

जुन्या विंडोजपुरता सल्ला चुकीचा नाही, पण दोन्ही मशीनमध्ये इंटेलचाच प्रोसेसर असेल, तर अडतं कुठे? विंडोज एक्सपीची डिस्क अशी हलवली की काय होतं ते पाहा. लोगो क्षणभर दिसतो आणि लगेच निळा पडदा येतो. त्यावरच्या एरर कोडच्या शेवटी असतं '७बी', म्हणजे बूट डिस्क सापडत नाही. गंमत अशी की विंडोज त्याच डिस्कवरून नुकतीच मेमरीत आलेली असते! सुरुवातीला डिस्क वाचून द्यायचं काम मदरबोर्डवरचं बायोस करतं. पुढे विंडोज ते काम स्वतःच्या ड्रायव्हरकडे (यंत्राच्या एकेका भागाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे) घेते, आणि एक्सपी अशा वेळी इन्स्टॉल करताना जो डिस्क कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, नोंदला गेला त्याचाच ड्रायव्हर चढवते. नव्या बोर्डावरचा कंट्रोलर वेगळा असला की खेळ खलास. बायोस सेटअपमध्ये जाऊन साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नव्या 'एएचसीआय'वरून जुन्या 'आयडीई'वर केला, तर कधी कधी तेवढ्यावर भागतं. जुनं मशीन चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरमधून कंट्रोलरला 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल' ड्रायव्हर देऊन ठेवला असेल, तर शक्यता आणखी वाढते. (अ‍ॅक्टिव्हेशनचं लचांड, म्हणजे विंडोजची प्रत अस्सल असल्याची मायक्रोसॉफ्टकडे नोंद, मग पुन्हा निस्तरावं लागतं, ते वेगळंच.)

थोडक्यात, प्रोसेसरची भाषा जुळणं ही फक्त पहिली पायरी. मेमरीत कुठल्या पत्त्यावर काय बसलंय, डिस्क कशी आखलीय, पडद्यावर अक्षर कुठल्या वाटेनं जातं, हे सगळं जुळावं लागतं. संगणकाच्या इतिहासात या जुळवाजुळवीवर अफाट डोकं आणि पैसा खर्च झालाय.

एकेकाळी तर पहिली पायरीसुद्धा नव्हती. आयबीएमच्याच एका मालिकेचा प्रोग्रॅम दुसऱ्या मालिकेवर चालत नसे. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीनं सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. लहान-मोठी अनेक मॉडेलं, पण प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांचा संच एकच. ऑपरेटिंग सिस्टिमही एकच ठेवायचा बेत होता, तो मात्र साधला नाही. ओएस/३६० लहान मॉडेलांच्या तुटपुंज्या मेमरीत मावेना, म्हणून त्यांच्यासाठी डॉस/३६० नावाची वेगळी सिस्टिम काढावी लागली. (आपल्या ओळखीच्या, मायक्रोसॉफ्टच्या डॉसशी हिचा काही संबंध नाही.)

याचा एक धागा पवईपर्यंत येतो. आयआयटी मुंबईत १९७० च्या दशकात सोव्हिएत बनावटीचा ईसी-१०३० संगणक होता. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या देशांनी ही ईसी मालिका आयबीएम ३६० च्या रचनेवरच बेतली होती, आणि तीही ठरवून. यंत्र तसंच घडवलं की आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम थोडेफार बदल करून वापरता येते, आणि तिच्यावर लिहिलेले ढीगभर प्रोग्रॅमही आयते मिळतात. सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर न्यायचा हा सगळ्यात आडदांड मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात यशस्वीही. पुढे पीसीच्या बाबतीतही तेच झालं.

त्याआधी एका माणसानं फार देखणा मार्ग शोधला होता. गॅरी किल्डाल कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत असे. १९७४ मध्ये त्यानं इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी सीपी/एम ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. पण डिस्क कंट्रोलर बदलला की तिच्यात पुन्हा हात घालावा लागे. इम्साई कंपनीला ती स्वतःच्या मशीनसाठी हवी झाली, तेव्हा त्यानं यंत्राशी थेट बोलणारा सगळा कोड उचलून वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. वर उरलेला भाग, म्हणजे फायली सांभाळणारा बीडॉस आणि आज्ञा वाचणारा सीसीपी, सगळ्या मशीनवर एकच.

सीपी/एम २.२ मध्ये या बायोसच्या तोंडाशी १७ नोंदींचा एक तक्ता असे. कळ दाबली गेली का ते सांग, एक अक्षर पडद्यावर टाक, अमुक ट्रॅकवर (डिस्कवरच्या वर्तुळावर) जा, सेक्टर (त्या वर्तुळाचा तुकडा) वाच, सेक्टर लिही, अशी अगदी क्षुल्लक कामं. बिल्डिंगच्या जिन्याखाली टपालपेट्यांची रांग असते ना, तसंच हे. कोण कितव्या मजल्यावर राहतं याची पोस्टमनला फिकीर नसते, तो क्रमांक बघून पत्र टाकतो आणि जातो. बीडॉसही तसाच तक्त्यातल्या ठरलेल्या नोंदीला हाक मारी, मागे फ्लॉपी कुणाची आणि पडदा कसला हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. उत्पादकानं तेवढा बायोस लिहायचा, की वर्डस्टारसारखे मजकूर लिहायचे प्रोग्रॅम त्याच्या मशीनवर चालू.

निदान कागदावर तरी. सीपी/एमला मेमरीच्या शून्य पत्त्यापासून मोकळी रॅम लागे आणि प्रोग्रॅम २५६ व्या पत्त्यावर चढत. टीआरएस-८० मॉडेल १ या संगणकात प्रोसेसर झेड-८० होता, ८०८० च्या सगळ्या सूचना जाणणारा. पण त्याच्या मेमरीच्या तळाशी रॉम (फक्त वाचता येणारी, कायमची मेमरी) ठाण मांडून बसलेला! त्यासाठी सीपी/एमची वेगळी आवृत्ती निघाली, तिच्यात प्रोग्रॅम बरेच वर चढत, आणि बाजारातले नेहमीचे प्रोग्रॅम तिथे चालेनात. अ‍ॅपल-२ मध्ये तर प्रोसेसरच ६५०२, भाषाच निराळी. त्यावर मायक्रोसॉफ्टनं १९८० मध्ये सरळ झेड-८० बसवलेलं एक कार्डच विकायला काढलं. ६५०२ खालचे पत्ते स्वतःच्या कामाला वापरतो, म्हणून ते पत्ते सरकवून दाखवायची सोयही त्या कार्डावर होती. सॉफ्टवेअर जुळत नाही म्हणून प्रोसेसर विकत घ्या, असा हा प्रकार.

फ्लॉपीचा घोळ याहून मोठा. आठ इंची फ्लॉपीला आयबीएमची एक ठरलेली आखणी होती: ७७ ट्रॅक, ट्रॅकला २६ सेक्टर, सेक्टरला १२८ बाइट, म्हणजे साधारण पाव मेगाबाइट. सव्वापाच इंची फ्लॉपी आल्यावर मात्र ज्यानं त्यानं आपापली आखणी केली. ऑस्बॉर्न आणि केप्रो हे दोन संगणक घ्या, दोघांतही झेड-८० आणि सीपी/एम, तरी एकाची फ्लॉपी दुसऱ्याला सरळ वाचता येत नसे. लोक दोन मशीन शेजारी ठेवून सीरियल केबल जोडत आणि फाइल पलीकडे ढकलत.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसनं सीपी/एमचीच घडण उचलली. आयओ डॉट सिस या फाइलीत यंत्राशी बोलायचं काम, एमएसडॉस डॉट सिसमध्ये बाकीचं. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी डॉस घेतलं, पण यंत्रं स्वतःच्या मनासारखी बनवली. डेकचं रेनबो, व्हिक्टर ९००० ही त्यातली नावं. व्हिक्टर तर काही बाबतींत आयबीएम पीसीपेक्षा सरस होतं. पण डॉसमार्फत पडद्यावर लिहिणं फार संथ, म्हणून लोटस १-२-३ सारखे आकडेमोडीचे प्रोग्रॅम डॉसला बगल देऊन आकडे थेट आयबीएमच्या व्हिडिओ मेमरीच्या पत्त्यावर टाकत. दुसऱ्या मशीनवर त्या पत्त्याला पडदाच नसे, मग दिसणार काय? टपालपेटीत पत्र न टाकता परस्पर घरात शिरणाऱ्या या प्रोग्रॅमांनी किल्डालची नीटस घडी विसकटली. गिऱ्हाईक विचारू लागलं, "यावर लोटस चालतं का?" कॉम्पॅक कंपनीनं रोख ओळखून आयबीएमच्या बायोससारखंच वागणारं बायोस स्वतः लिहिलं, आणि पवईच्या ईसी-१०३० मागचं तर्कशास्त्र आता कंपन्यांच्या हिशेबात आलं: यंत्रच हुबेहूब करा.

मग तैवानचे बोर्ड लॅमिंग्टन रोडवर येऊन पडले आणि जोडून तयार झालेल्या एक्सटी-एटी (आयबीएमच्या त्या मॉडेलांसारख्याच) मशीनवर एकच बूट फ्लॉपी बिनबोभाट चालू लागली. 'फॉरमॅट स्लॅश एस' या आज्ञेनं डॉस चढवून बनवलेली ती फ्लॉपी ऑफिसांत आणि क्लासांत हातोहात फिरे. सोबत बूट सेक्टरमधला (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यातला) व्हायरसही फिरे, कारण यंत्रं एकसारखी झाल्याचा फायदा त्यालाही तेवढाच होता. सुसंगतता टिकवायच्या हट्टापायी काय काय करावं लागलं याचा नमुना म्हणजे एटी मशीनमधलं ए२० गेट. जुन्या ८०८८ प्रोसेसरमध्ये १ मेगाबाइटपलीकडचा पत्ता वळून पुन्हा शून्यावर येई, आणि काही प्रोग्रॅम त्यावर विसंबून होते. नव्या प्रोसेसरमध्ये तसं होईना, म्हणून पत्त्याच्या ए२० नावाच्या वायरीवर फाटक बसवलं आणि त्याचा ताबा दिला कीबोर्डच्या चिपकडे, कारण तिची एक पिन रिकामी होती.

मोबाइलमध्ये सगळं पुन्हा मूळपदावर आलं. तिथे पीसीसारखं ठरलेलं बायोस नाही, हार्डवेअर कुठे काय आहे हे फोनगणिक वेगळं. त्यामुळे एका मॉडेलची रॉम (इथे अर्थ फोनची अख्खी सिस्टिम) दुसऱ्यावर टाकली तर फोन बहुधा उठतच नाही. अपडेट लवकर बंद होण्याचं एक मोठं कारणही हेच, कारण दर आवृत्तीला चिप बनवणाऱ्यापासून फोन विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पुन्हा कामाला लागावं लागे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलनं ट्रेबल नावाची रचना आणली: यंत्राशी बोलणारा भाग वेगळा, वरचं अँड्रॉइड वेगळं, मध्ये ठरलेला करार. किल्डालचीच युक्ती, चाळीसेक वर्षांनी. त्या करारामुळे 'जीएसआय' नावाची अँड्रॉइडची एकच तयार प्रत वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर सुरू होऊ शकते. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो आणि फोनमधला डेटा पुसला जातो. एवढं करून फोन सुरू झाला, तरी कॅमेरा किंवा फिंगरप्रिंट कधी कधी रुसून बसतात, कारण कंपनीनं त्यांच्यासाठी कराराबाहेरच्या वाटा वापरलेल्या असतात.