पार्सनचा शॅमेलिऑन: निगेचे गणित आणि जंगलाचे पंचांग

मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील सदाहरित जंगलांत राहणारा पार्सनचा शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्यांची एक जात) हा त्याच्या कुळातील सर्वांत धिप्पाड प्राण्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढ झालेला नर शेपटीसह ६० सेंटिमीटरहून अधिक लांब भरतो, म्हणजे आपल्याकडच्या घोयरा सरड्याच्या, अर्थात भारतातल्या शॅमेलिऑनच्या, दीडपटीहून मोठा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२४ मध्ये या जातीचे वर्णन केले आणि इंग्लिश वैद्य जेम्स पार्सन्स यांचे नाव तिला दिले. विज्ञानाला ही जात दोनशे वर्षांपासून ठाऊक असली, तरी बंदिवासात तिला निरोगी ठेवणे आणि तिची अंडी उबवून पिल्ले जगवणे हे काम अजूनही मोजक्याच लोकांना साधते.

अशा कमी परिचित प्राण्याच्या निगेची माहिती शोधताना पहिली अडचण येते ती उसनवारीची. १९९५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारांतर्गत मादागास्करमधील बहुतेक शॅमेलिऑनांची निर्यात थांबली आणि फक्त चार जातींना मुभा राहिली. या चारही जाती जंगलाबाहेरच्या मोकळ्या, उन्हाच्या जागांशी जुळवून घेणाऱ्या आहेत. साहजिकच पाळणाऱ्यांचा अनुभव त्यांच्यावर आणि येमेनकडच्या काटक शॅमेलिऑनवर बेतलेला राहिला, आणि तेच तापमान, तोच दिवा, तोच पिंजरा दाट जंगलातल्या प्राण्यालाही लागू करण्यात आला. एखादा आकडा वीस माहितीपत्रकांत सापडला म्हणजे त्याला वीस पुरावे मिळाले असे होत नाही. बहुधा एकाने लिहिले आणि एकोणीस जणांनी उतरवून घेतले, एवढेच झालेले असते.

म्हणून शोधाची सुरुवात पिंजऱ्यापासून न करता नकाशापासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते. अंदासिबे हे या प्राण्याच्या प्रदेशातील एक प्रसिद्ध ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० ते १००० मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस कमीअधिक प्रमाणात वर्षभर पडतो, उन्हाळ्यातही दिवस फारसा तापत नाही, आणि दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, म्हणजे जुलैच्या सुमारास, रात्री चांगल्याच थंड होतात. या परिसरात आढळणारी उपजात आकाराने लहान असून तिच्या पाठीवर बारीक तुरा असतो. किनाऱ्याजवळच्या सखल, उबदार जंगलांतील मोठ्या उपजातीचे हवामान याहून वेगळे. त्यामुळे आपल्यासमोरचा प्राणी नेमका कुठला हे कळल्याशिवाय ‘या जातीला किती तापमान लागते’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. शिवाय हवामान केंद्राची नोंद मोकळ्या जागेतली असते, तर शॅमेलिऑन पानांच्या सावलीत बसतो. फांदीच्या उंचीवर तापमापक टांगून दिवसरात्र घेतलेल्या नोंदी या कामी कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

उन्हाच्या बाबतीतही हेच. ‘जीवनसत्त्व ड’ तयार होण्यासाठी सरड्यांना अतिनील-ब किरणे लागतात हे सर्वश्रुत आहे, पण किती, हे जातीगणिक बदलते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्याच पँथर शॅमेलिऑनवर प्रयोग करून दाखवले, की आहारात हे जीवनसत्त्व कमी मिळालेला प्राणी आपणहून अतिनील प्रकाशात अधिक वेळ घालवतो. पुढे २०१० मध्ये त्यांनी रानातल्या सरड्यांच्या व सापांच्या अंगावर प्रत्यक्ष पडणारी किरणे मोजून प्राण्यांचे चार गट सुचवले. सावलीतल्या पहिल्या गटाचा सरासरी अतिनील निर्देशांक (या किरणांच्या तीव्रतेचे माप) ०.७ पेक्षा कमी, तर उन्हात रमणाऱ्या चौथ्या गटाचा २.६ ते ३.५ एवढा भरला. यातून निगेसाठी निघणारा धडा व्यवहारी आहे: एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला दाट पालवी, आणि निवड प्राण्याची.

पाण्याचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. शॅमेलिऑन सहसा वाडग्यातून पीत नाहीत, पानावरून ओघळणारे थेंब चाटतात, म्हणून फवारा किंवा ठिबक लागते. मात्र पार्सनच्या शॅमेलिऑनला हे पिणे निवांतपणे, बराच वेळ करायचे असते, आणि घाईने मारलेले चार फवारे त्याला पुरत नाहीत. पाणी पुरेसे मिळते की नाही हे त्याच्या विष्ठेवरून कळते. विष्ठेसोबत पडणारा युरिक आम्लाचा खडूसारखा भाग पांढरा असावा. तो पिवळा, नारिंगी किंवा कोरडा दिसला, आणि शंकूसारखे बाहेर आलेले डोळे आत गेलेले वाटले, तर आर्द्रतामापक काहीही दाखवो, प्राणी तहानलेला आहे. यावर उपाय म्हणून पिंजरा दिवसरात्र ओला ठेवणे मात्र चुकीचे आहे, कारण कोंडलेल्या दमट हवेत श्वसनमार्गाचे आजार बळावतात. रात्री थंड धुके, दिवसा खेळती हवा, हा क्रम जंगलाच्या अधिक जवळ जातो.

एवढी जागा आणि एवढी यंत्रणा किती काळ चालवायची? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील संग्रहालयांत जतन केलेल्या नमुन्यांच्या बोटांची हाडे कापून त्यांतील वर्षागणिक उमटणाऱ्या वाढीच्या रेषा मोजण्यात आल्या. आतल्या काही रेषा हाडाच्या वाढीत झिजून गेलेल्या असल्याने फक्त किमान वय सांगता आले, तरी ते एका नरात ९ आणि एका मादीत ८ वर्षे निघाले. मादागास्करच्याच नैऋत्येकडील लाबोर्डचा शॅमेलिऑन अंड्याबाहेर जेमतेम ४ ते ५ महिने जगतो, हे पाहता एका बेटावरच्या दोन भाऊबंदांना एकच नियम लावणे किती धोक्याचे आहे हे लक्षात येते.

खरी परीक्षा अंड्यांची. मादी सुमारे दोन वर्षांतून एकदा जमिनीत बीळ करून २० ते ५० अंडी घालते आणि ती फुटायला दीड ते दोन वर्षे लागू शकतात. इतर बहुतेक सरड्यांच्या अंड्यांत, घातली जातात त्या वेळी, भ्रूणाला पायांचे अंकुर फुटलेले असतात. शॅमेलिऑनचा भ्रूण तेव्हा कितीतरी आधीच्या, पेशींचे थर नुकतेच मांडले जात असलेल्या अवस्थेत असतो. स्पेनमधील सामान्य शॅमेलिऑनच्या अभ्यासात असे दिसले, की भ्रूण याच अवस्थेत थांबून राहतो, मग थंडीचा काळ निघून जातो, आणि जमीन पुन्हा तापू लागल्यावर वाढ सुरू होते. पार्सनच्या अंड्यांनाही थंडावा आणि त्यानंतरची ऊब या संकेताची गरज भासते, असे पाळणाऱ्यांच्या अनुभवातून पुढे आले आहे. वर्षभर एकाच तापमानाला ठेवलेल्या उबवणी यंत्रात हे ऋतूच नसतात. शिवाय पुरलेल्या अंड्यापर्यंत हवेतला बदल उशिरा आणि सौम्य होऊन पोहोचतो, म्हणून नोंद हवेची नव्हे तर मातीची, अंड्यांच्या खोलीवरची, हवी.

भारतात या साऱ्याला कायद्याचीही बाजू आहे. घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे तो रानातून धरून घरी ठेवता येत नाही. आणि साइट्सच्या यादीतील परदेशी प्राणी कोणाकडे असल्यास २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांसाठी हा विषय वाचनाचा आणि निरीक्षणाचाच आहे.

ज्या प्राणिसंग्रहालयांत किंवा अनुभवी प्रजननकर्त्यांकडे हे प्राणी आहेत, त्यांच्यासाठी अडचण संख्येची आहे. एका मादीची अंड्यांची एक खेप, तीही दोन वर्षांनी, आणि तिचा निकाल लागायला आणखी दोन वर्षे. सगळी अंडी एकाच डब्यात ठेवून ती फुटली, तर कशामुळे फुटली हे कळत नाही आणि नासली तरीही कळत नाही. एकाच खेपेची अंडी तीन डब्यांत विभागून, थंडीचा काळ प्रत्येक डब्यात वेगळा ठेवून, मातीचे तापमान रोज टिपणे कंटाळवाणे आहे खरे, पण दुसऱ्या पाळणाऱ्याला विश्वासाने वापरता येईल असा आकडा त्याखेरीज हाती लागत नाही.