घेर, शिवण आणि उजेड

कोरियन बायकांच्या हानबोक या पारंपरिक पोशाखातला घागरा, म्हणजे छिमा, कमरेला नव्हे तर छातीवर बांधतात. तिथून चुण्या सुटतात आणि घेर खाली फुगत जातो. हानबोकच्या कापडाचे दिवे घडवणाऱ्यांना या आकाराचा मोह पडतो यात नवल नाही. पण कापड आपणहून फुगून राहतं ते कशामुळे?

कच्च्या रेशमात दोन प्रथिनं असतात. आत फायब्रॉइन आणि वरून सेरिसिन नावाचा डिंक, वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के. साबणाच्या पाण्यात उकळलं की डिंक सुटतो आणि रेशीम मऊ पडतं. उन्हाळी हानबोकचं नोबांग कापड मात्र डिंक न काढलेल्या धाग्याचं. म्हणून ते झिरझिरीत असूनही कडक; घडी घातली की उभी राहते. दिव्याला तारेचा सांगाडा मग नावापुरता लागतो.

शिवणकामात उरलेल्या चिंध्या जोडून कोरियन बायका जोगाकबो करत, म्हणजे वस्तू बांधायचे रुमाल. आपल्या गोधडीत थरावर थर चढतात. उन्हाळी जोगाकबो एकपदरी, अस्तर नाहीच. दोन्ही बाजू सफाईदार दिसाव्यात म्हणून कडा एकमेकींत दुमडून शिवतात, आणि शिवणीवर चार थर येतात. समजा, एका थरातून ६० टक्के उजेड पार होतो. मग दोन थरांतून ३६ आणि चार थरांतून जेमतेम १३ टक्के. (थरांमध्ये मागेपुढे उसळणारा प्रकाश धरला तर किंचित जास्त.) अशा जोडकापडाच्या दिव्यात एरवी नजरेत न भरणारी शिवण दिवा लावताच गडद रेघ होते. माझ्या मते या दिव्यांची खरी गंमत रंगांपेक्षा या रेघांत आहे.

दिव्यासाठी जुनं हानबोक घेतलं तर ते रेशीमच असेल, असं आता नाही. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक घालून गेलं तर तिकीट लागत नाही, त्यामुळे आसपास भाड्याच्या हानबोकची दुकानं फोफावली. त्यातले पुष्कळ पॉलिएस्टरचे. ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि आकसतं त्याच्या बरंच आधी. जुन्या पिवळ्या बल्बची काच सहज शंभरीपार तापायची. एलईडीमुळे असं कापड उजेडाच्या जवळ आणता आलं.

एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रेशीम पिवळं पडण्याची भीतीही कमी. रंग उडायला मात्र दृश्य प्रकाशही पुरतो. कोरियातला पारंपरिक गुलाबी करडईच्या पाकळ्यांपासून निघतो (हो, सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तीच करडई) आणि तो फार नाजूक. नीळ त्या मानाने दमदार. तेव्हा करडईचे तुकडे दिव्यापासून लांबच्या चुणीत लावलेले बरे.