कन्सेप्ट आर्ट आणि मॉडेल शीट: पात्र शोधणे आणि पात्र ठरवणे

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या पोर्टफोलिओत कन्सेप्ट आर्ट आणि मॉडेल शीट ही दोन्ही प्रकारची चित्रे बहुधा 'कॅरॅक्टर डिझाइन' या एकाच मथळ्याखाली लावलेली असतात. दोन्हींत पात्र तेच असते, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र पहिले चित्र पात्र शोधण्यासाठी काढलेले असते आणि दुसरे, सापडलेले पात्र अनेकांच्या हातून तसेच उतरावे यासाठी.

ससून डॉकवरची कोळीण आपल्या चित्रपटाची नायिका आहे असे समजू. कन्सेप्ट आर्टचा चित्रकार पहाटे गोदीवर जाऊन बसतो आणि ओल्या लादीवर सांडलेला दिव्यांचा पिवळा उजेड, बर्फाचा चुरा, पाठमोरी उभी असलेली ती बाई असे काहीबाही टिपतो. तिचा चेहरा तो कदाचित काढणारही नाही. तिला तो उंच आणि काटक करून पाहील, मग बुटकी आणि रुंद, मग डोक्यावरची पाटी तिच्याहून मोठी. यातली बहुतेक चित्रे बाद होतात आणि त्यात काही वाया जात नाही, कारण चुकायचे ते याच टप्प्यावर चुकून घेतलेले बरे. इथे शरीराचे प्रमाण ढळले तरी चालते, पण ती पहाट खोटी वाटून चालत नाही.

मॉडेल शीटवर पहाट नसते. कोऱ्या कागदावर तीच कोळीण समोरून, अर्धवट वळलेली, बाजूने आणि पाठीमागून उभी असते, आणि डोके, खांदा, कंबर, गुडघा यांच्या आडव्या रेषा चारही आकृत्यांतून सरळ गेलेल्या असतात. तिची उंची किती डोक्यांएवढी, काष्टा मागे कुठे खोचलेला, अंबाड्यावरची वेणी किती जाड, पाटी धरताना कोपर किती वाकते, हसताना गाल किती वर चढतात, हे सारे तिथे ठरलेले असते. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरले तरी १२ चित्रे होतात, आणि ती वेगवेगळे कलावंत काढतात. एखाद्याने काष्टा बोटभर खाली घेतला की पडद्यावर लुगडे थरथरू लागते. थ्रीडीतही मॉडेलरला पाठीची बाजू घडवावीच लागते, म्हणून शीट तिथेही टळत नाही.

हरणाच्या पाडसाची गोष्ट सांगणाऱ्या डिस्नेच्या १९४२ च्या 'बॅम्बी' या ॲनिमेशनपटात कामाची अशीच विभागणी दिसते. चित्रकार टायरस वाँग यांनी सुंग राजवटीतील चिनी निसर्गचित्रांचा संस्कार घेऊन, पानन्‌पान न रेखता, धुके आणि प्रकाश यांतून जंगल उभे केले. त्याच चित्रपटासाठी चित्रकार रिको लेब्रन ॲनिमेटरांना हरणाची शरीररचना शिकवत होते आणि अभ्यासासाठी स्टुडिओत जिवंत पाडसे आणली होती. वाँग यांच्या धुक्यावरून हरणाचा पाय कुठे दुमडतो ते कळले नसते, आणि सांध्यांच्या रेखाटनावरून त्या जंगलाची शांतता.

मी काम केलेल्या एका स्टुडिओत मुदत जवळ आली म्हणून मॉडेल शीट गाळून एक देखणे कन्सेप्ट चित्रच ॲनिमेटरांच्या हाती दिले गेले. पात्राचा डावा हात सावलीत होता. तिघांनी तीन तऱ्हेची बाही काढली. शॉट जोडल्यावर ते लक्षात आले, तेव्हा सगळे काम थांबवून ती एक बाही समोरून, बाजूने आणि मागून काढायला बसावे लागले.