सर्व्हर अनोळखी असला तरी पॅकेज भरवशाचं

सांगलीत घरच्या कॉम्प्युटरवर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘रिपॉझिटरीतलं (उबुंटूच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातलं) फुकट सॉफ्टवेअर कुठल्याही सर्व्हरवरून येतं, वाटेत कुणीही व्हायरस घालेल.’ हा समज चुकीचा आहे. भरवसा सर्व्हरवर नसतो, सहीवर असतो. साठ्याच्या मुख्य यादीवर उबुंटूची डिजिटल सही असते. त्या यादीत पॅकेजसूचीचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतो आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक गठ्ठ्याचा. एपीटी, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारा प्रोग्राम, हे सगळं ताडून बघतं. एक बाइट बदलला तरी पॅकेज नाकारलं जातं. उबुंटू ज्यावर आधारलेली आहे त्या डेबियनमध्ये २००७ च्या ‘एच’ आवृत्तीपासून हे आहे.

खरी जोखीम, माझ्या मते, वेगळीच: वेबसाइटवरून उतरवलेली सुटी डेब फाइल, म्हणजे साठ्याबाहेरचं एकटं पॅकेज. तिची सही सहसा तपासली जात नाही, आणि तिच्यातल्या स्क्रिप्ट मात्र रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने चालतात. अनोळखी पीपीए (कुणीही चालवू शकतो असा खासगी साठा) जोडतानाही तोच अधिकार आपण परक्याच्या हाती देतो.